स्टॅगनर विरुद्ध स्टॅगनर

ओनीटा रस्कला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं असेल तर ते शाळेच्या बसमध्ये, चालकाच्या जागेवर. एकतीस वर्षं तिने उत्तर आर्कान्सॉच्या त्या डोंगरवळणांवरून पिवळी बस चालवली आणि बहात्तरी गाठली तरी कुणी चालक आजारी पडला की सकाळी पाचला तिचाच फोन वाजायचा. घरी असली की कॉफीसुद्धा उभ्याने प्यायची. नवरा गेलन जिवंत असताना म्हणायचा, "बाई, तुझ्या पायाला भिंगरी बांधून पाठवलंय का देवाने?" गेलनला जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तिला हटकणारंही कुणी उरलं नव्हतं.

ऑरेगनमध्ये राहणाऱ्या तिच्या मुलीच्या, शॉनाच्या, कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलं. ओनीटा म्हणाली, "मी गाडी घेऊन निघते, चौथ्या दिवशी तुझ्या दारात."

"आई, दोन हजार मैल आहेत. विमानाने ये, नाहीतर येऊच नकोस. मला ऑपरेशन टेबलावर तुझी काळजी करत पडायचं नाही."

विमानाला आता मे महिन्यापासून नवं, चांदणीचा शिक्का असलेलं लायसन लागणार होतं. म्हणून मार्चमधल्या एका सोमवारी ओनीटा कागदांची पिशवी घेऊन लायसनच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या बाईने सगळे कागद पत्त्यांसारखे मांडले, परत एकदा मांडले, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"जन्मदाखल्यावर ओनीटा फे पिलग्रीन. लग्नाच्या कागदावर ओनीटा फे स्टॅगनर, ती झाली रस्क. मग ही मधली स्टॅगनर कोण?"

"मीच."

"ते मला दिसतंय, मॅडम. कागदाला दिसायला पाहिजे. पिलग्रीनची स्टॅगनर झाली असं सांगणारं काहीतरी आणा. पहिल्या लग्नाचा दाखला चालेल."

पहिलं लग्न नेमकं कुठे लागलं ते ओनीटाला धड ठाऊक नव्हतं. सतरा वर्षांची होती. डर्विन स्टॅगनर तिला ट्रकमध्ये घालून नदीपार मिसिसिपी राज्यात घेऊन गेला होता, तिथल्या कुठल्याशा गावातल्या न्यायाधीशाने किराणा दुकानाच्या मागे दोघांना उभं करून चार वाक्यं म्हटली होती. गावाचं नाव विचारायचं तिला तेव्हा सुचलं नाही. नंतर विचारायची सोय राहिली नाही.

"घटस्फोटाचा हुकूमनामा असला तरी चालेल," खिडकीतली बाई म्हणाली. "त्यात दोन्ही नावं असतात बहुतेक. ज्या काउंटीत झाला असेल तिथल्या कोर्टात मागा."

ओनीटा पिशवी उचलून बाहेर आली आणि गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे तिला दार उघडायचं सुचलं. टॅलफर्ड काउंटी. बावन्न वर्षांत तिने त्या काउंटीच्या हद्दीत टायर टेकवला नव्हता. शाळेचा बँड दक्षिणेकडे निघाला की ती दुसऱ्या चालकाशी पाळी बदलून घ्यायची. लोक समजायचे, बाईला लांबचा प्रवास झेपत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने टॅलफर्डच्या कोर्टात फोन लावला. फोनवर आली ती मार्लिस नावाची कारकून, आवाज गोड, पण कामाची.

"कुठल्या सालचा, मिस ओनीटा?"

"चौऱ्याहत्तर. किंवा त्र्याहत्तर."

"केस नंबर?"

"बाई गं, त्या वर्षी मी काय जेवले तेही मला आठवत नाही."

मार्लिस हसली. "पंच्याऐंशीच्या आधीचं काही कॉम्प्युटरवर नाही, सगळं वह्यांत. तुम्ही असं करा, एक अर्ज लिहून पाठवा. दोघांची पूर्ण नावं, साल, तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स, आणि स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. मी शोधते."

ओनीटाने अर्ज त्याच दिवशी टाकला. मग अकरा दिवस ती पत्रपेटीपर्यंत जा-ये करत राहिली. पोस्टमन दुपारी दोनला येतो हे ठाऊक असून ती दहाला जायची, बाराला जायची. बाराव्या दिवशी तिचंच पाकीट तिच्याच अक्षरातला पत्ता घेऊन परत आलं. आत तिचा अर्ज, आणि त्याच्या कोपऱ्यात पेनने लिहिलेलं: १९७३ ते १९७५ मध्ये या नावाने नोंद आढळली नाही.

तिने तो कागद फ्रिजवर लावला, काढला, ड्रॉवरमध्ये टाकला, पुन्हा काढला. नोंद नाही. म्हणजे काय? घटस्फोट झाल्याचा तिच्याकडे पुरावा काय होता? तिने टॅलफर्ड सोडायच्या आदल्या दिवशी वकिलाच्या खोलीत बसून जबानी दिली होती. मग उत्तरेला येऊन शर्टाच्या कारखान्यात कामाला लागली. वकिलाने पत्र पाठवलं, की एक साक्षीदार लागेल, कुणी तरी पाहिलेलं सांगणारं. तिने चर्चमधल्या एका बाईचं नाव कळवलं. त्या बाईने नकार दिल्याचं पत्र आलं. आणि पुढे दोन महिन्यांनी दोन ओळी: काम झालं आहे, आपण मोकळ्या आहात. ते पत्र तिने शेगडीत टाकलं होतं.

वकील खोटं बोलला असेल तर? मग गेलनशी लागलेलं लग्न लग्नच नव्हतं. त्रेचाळीस वर्षं. शॉना. गेलनच्या थडग्याच्या दगडावर शेजारी तिचं नाव कोरून ठेवलेलं, मरणाची तारीख तेवढी भरायची बाकी. त्या आठवड्यात तिने छताच्या पन्हाळी साफ केल्या, गॅरेजमधली फडताळं उतरवून पुन्हा चढवली आणि शेजाऱ्याचं गवत न विचारता कापून टाकलं. शॉनाला यातलं काही सांगितलं नाही. शॉनाला टॅलफर्डबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिथे आईचा एक नवरा होता, तो हात उचलायचा, आणि त्याची आई भांडी घासत राहायची. ही एवढीच गोष्ट ओनीटाने पन्नास वर्षांत सांगितली होती, नेहमी त्याच शब्दांत. "त्याने माझं बोट दारात चिरडलं आणि ती बाई भांडी घासत राहिली. नळ जरा मोठा केला, इतकंच."

गुरुवारी पहाटे तिने थर्मास भरला आणि दक्षिणेला निघाली. चार तास.

कोर्टाची इमारत तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. मार्लिस पन्नाशीची, ठेंगणी, गळ्यात किल्ल्यांची दोरी. "अगं बाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात? माझी नजर चुकली असेल म्हणून?"

"तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. मला घरी बसवत नाही."

मार्लिसने तिला मागच्या लोखंडी दाराच्या खोलीत नेलं. पाटाएवढ्या वह्या, पाठीवर साल. दोघींनी एस अक्षर काढलं. स्टॅफर्ड, स्टॅग्ज, स्टॅली. त्र्याहत्तरमध्ये नाही, चौऱ्याहत्तरमध्ये नाही, पंच्याहत्तरमध्ये नाही. मार्लिस बोटाने ओळी वाचत होती आणि ओनीटा खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होती.

"मिस ओनीटा, रागावू नका, पण तुमच्या बुटांच्या आवाजाने माझी ओळ चुकते."

ओनीटा थांबली. "तेव्हा नोंद कोण करायचं?"

"असेल कुणी. वकिलाने नाव सांगायचं, कारकुनाने लिहायचं."

"कानाने ऐकून?"

मार्लिसने वर पाहिलं.

"इथे सगळे त्यांना स्टेगनर म्हणायचे," ओनीटा म्हणाली. "स्टॅगनर म्हणणारी मी एकटीच. मी बाहेरची ना."

पानं मागे उलटली. स्टीड, स्टील, आणि त्यांच्या मागोमाग, डिसेंबर १९७३, निळ्या शाईत: स्टेगनर, ओनिता, विरुद्ध स्टेगनर, डर्विन. पुढे नंबर. मार्लिसने खाली बसून एक खोका ओढला, त्यातून तीन घड्या घातलेला कागदांचा जुडगा काढला. आतल्या हुकूमनाम्यावर मात्र नाव बरोबर होतं. ओनीटा फे स्टॅगनर, पूर्वाश्रमीची पिलग्रीन. खाली न्यायाधीशाची सही, शिक्का. घटस्फोट मंजूर.

झालं होतं. सगळं खरं होतं. गेलन खरा होता.

"तुम्हाला हा हुकूमनामाच हवा ना? खरी प्रत म्हणून शिक्का मारून देते, दहा मिनिटं लागतील," मार्लिस म्हणाली. "बाकीचे वाचायचे असतील तर वाचा. कुणालाही बघता येतात."

तिला वाचायचे नव्हते. पण दहा मिनिटं करायचं काय? ती उभ्याउभ्याच पानं उलटू लागली. तिचा अर्ज. तिची जबानी, तीन पानी, ती तिने झरकन उलटली. आणि मग एक पान: साक्षीदार, श्रीमती हेस्टर स्टॅगनर.

हेस्टर स्टॅगनर म्हणजे डर्विनची आई. तिची सासू.

ओनीटाला आधी वाटलं, मुलाच्या बाजूने आली असणार. मग ती वाचू लागली.

*प्रश्न: तुम्ही प्रतिवादीच्या कोण?*
*उत्तर: आई.*
*प्रश्न: हे दोघं लग्नानंतर कुठे राहत होते?*
*उत्तर: माझ्या घरात. मागच्या खोलीत.*
*प्रश्न: प्रतिवादीने वादीला मारहाण केलेली तुम्ही स्वतः पाहिली का?*
*उत्तर: पाहिली. तिचा हात चौकटीवर असताना त्याने दार लावलं. मुद्दाम. मी चार पावलांवर होते. दुसरंही एक पाहिलं, ते विचारू नका.*
*प्रश्न: तुम्ही मध्ये पडलात का?*
*उत्तर: नाही.*
*प्रश्न: का?*
*(साक्षीदार उत्तर देत नाही.)*
*प्रश्न: वादीने तुम्हाला साक्षीला बोलावलं का?*
*उत्तर: नाही. ती गेली. दुसऱ्या बाईने नाही म्हटल्याचं चर्चमध्ये कानावर आलं. म्हणून मी आले.*

खाली सही. थरथरती, पण पूर्ण नाव.

"ते दुसरं" काय होतं, ते जगात दोघीच जाणत होत्या. नोव्हेंबरात डर्विनने तिला मागच्या पायऱ्यांवरून ढकललं होतं. तिला चौथा महिना होता. दोन दिवसांनी सगळं संपलं, तेव्हा हेस्टरने चादरी गोळा केल्या, अंगणाच्या टोकाला पिअरच्या झाडाखाली खड्डा खणला आणि परत येऊन स्वयंपाकाला लागली. एक शब्द बोलली नाही. ओनीटाने हे गेलनलाही सांगितलं नव्हतं.

मार्लिस शिक्का मारलेली प्रत घेऊन आली तेव्हा ओनीटाचा थर्मास टेबलाखाली पडला होता आणि ती खिडकीशी उभी होती.

"हेस्टर स्टॅगनरचं कुणी आहे का इथे?" तिने विचारलं.

"हेस्टर तर कधीच गेली. व्हेल्डा आहे ना, तिची मुलगी. जुन्या रस्त्यावर, त्याच घरात. अंडी विकते."

व्हेल्डा म्हणजे नणंद. ओनीटा गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

घरावर आता पत्रा होता आणि पिअरचं झाड नव्हतं. व्हेल्डा ओसरीत बसली होती, नाकात प्राणवायूची नळी, पायाशी मशीन घरघरतंय. तिने गाडी थांबलेली पाहिली, बाई उतरलेली पाहिली.

"अंडी संपली," ती म्हणाली.

"व्हेल्डा, मी ओनीटा."

"दिसतंय मला. चालण्यावरून ओळखलं. अजून तशीच पळत सुटल्यासारखी चालतेस." तिने खुर्ची दाखवली नाही. "डर्विनला शोधायला आली असशील तर सोळा वर्षं उशीर झाला. टेक्ससमध्ये मेला. आम्हाला तिसऱ्याकडून कळलं."

"मी त्याच्यासाठी नाही आले."

"मग? तुझं काय राहिलंय इथे? कोर्टात खोटंनाटं सांगून माझा भाऊ गावातून उठवलास. निकालाच्या दिवशी तो ट्रक घेऊन गेला तो परत आला नाही. आई पत्रं पाठवायची, न उघडता परत यायची. अठरा वर्षं ती रस्त्याकडे बघत बसली आणि तशीच गेली. हे सगळं तुझ्या नावावर आहे, ओनीटा."

"साक्ष तुझ्या आईने दिली, व्हेल्डा. माझ्या बाजूने."

व्हेल्डाने नळी नीट केली. "माझी आई भर कोर्टात पोटच्या पोराविरुद्ध बोलली म्हणतेस?"

"मला आजच कळलं. तासाभरापूर्वी."

"दाखव."

ओनीटाने पिशवी उघडली आणि तिच्या लक्षात आलं. तिच्याकडे फक्त हुकूमनामा होता.

"नाहीये ना? तुझ्याजवळ कधीच काही नसतं," व्हेल्डा म्हणाली. "जा बाई. येताना जशी आलीस तशी जा."

ओनीटाने घड्याळ पाहिलं. सव्वाचार. कोर्ट साडेचारला बंद. पुढचे नऊ मैल तिने अशी गाडी चालवली की बसमध्ये मुलं असती तर तिने स्वतःलाच कामावरून काढलं असतं. मार्लिस खिडकीचा पडदा ओढत होती.

"आता काय राहिलं, मिस ओनीटा?"

"ते साक्षीचं पान. फक्त ते एक."

मार्लिसने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता किल्ली काढली. झेरॉक्स मशीन तापायला वेळ लागला. ओनीटा त्या मशीनसमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

ती परत पोचली तेव्हा व्हेल्डा तिथेच होती. ओनीटाने पायरीवर पाय न ठेवता कागद पुढे केला. व्हेल्डाने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. तिचे ओठ हलत होते. मशीन घरघरत होतं. एका जागी ओठ थांबले आणि बराच वेळ थांबून राहिले.

"तो बुधवार होता," ती म्हणाली. "आई चांगला कोट घालून निघाली. मी म्हटलं कुठे, तर म्हणाली दवाखान्यात. रात्री डर्विन आला, सामान ट्रकमध्ये टाकलं. मी पाठीमागे रडत गेले, तर मला म्हणाला, तुझ्या आईला विचार. मी विचारलं. ती म्हणाली, ओव्हनमधला पाव करपेल, बाजूला हो."

"आणि पुढे कधी सांगितलं तिने?"

"कधीच नाही." व्हेल्डाने कागदाची घडी घातली. "तू तरी विचारायचंस. कुणी साक्ष दिली म्हणून वकिलाला एक पत्र टाकायचंस. ती जिवंत होती तेव्हा."

सासू अठरा वर्षं इथे होती आणि चार तासांच्या अंतरावर ती स्वतः तिच्या नावाने बोटं मोडत होती. परतीच्या वाटेवर दोनदा तिने गाडी कडेला घेतली, उतरली, रस्त्याकडेच्या खडीवरून पुढे-मागे चालली आणि पुन्हा बसली. जिला पन्नास वर्षं दोष देऊन आपण उभे राहिलो, तिनेच आपल्याला सोडवलं होतं. आणि तरीही नळ तिने मोठा केला होताच. दोन्ही खरं होतं. यातलं एक खोटं ठरलं असतं तर झोप लागली असती.

सोमवारी लायसनच्या खिडकीत त्याच बाईने हुकूमनाम्यातल्या "पूर्वाश्रमीची पिलग्रीन" या दोन शब्दांवर पेनचं टोक टेकवलं, मान हलवली आणि म्हणाली, "चला, सापडली तुमची स्टॅगनर. कॅमेऱ्याकडे बघा." सगळं मिळून चार मिनिटं.

जूनमध्ये ओनीटा विमानात बसली. खिडकीपाशी जागा मिळाली तरी तिची ऊठबस थांबेना आणि शेजारच्या माणसाने उतरताना सुटकेचा निःश्वास टाकला. शॉनाचं ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ती वॉकरच्या आधाराने न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली आणि आईला म्हणू लागली, "आई, स्वयंपाकघर तू चौथ्यांदा पुसतेयस."

त्याच आठवड्यात एका सकाळी ओनीटाचा फोन वाजला. नंबर टॅलफर्डचा.

"मार्लिसकडून घेतला तुझा नंबर," पलीकडून व्हेल्डा म्हणाली. मागे मशीनची घरघर. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "त्या कागदात आई म्हणते, दुसरंही एक पाहिलं, ते विचारू नका. मी तीन महिने तेवढीच ओळ वाचतेय. ते काय होतं?"

ओनीटाने मुलीकडे पाहिलं. शॉना सोफ्यावर पाय लांब करून पडली होती, फोनकडे लक्ष नव्हतं. ओनीटा दार ओढून बाहेर पडली.

"व्हेल्डा, तुला झेपेल?"

"माझं वय अडुसष्ट आहे. नाकात नळी आहे. आता नाही तर कधी झेपायचं?"

ओनीटा रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, तिथल्या पत्रपेट्यांना वळसा घालून परत आली, पुन्हा गेली. त्या चालण्यात तिने सगळं सांगितलं. पायऱ्या, नोव्हेंबर, दोन दिवस, चादरी, पिअरचं झाड. पलीकडून व्हेल्डा मध्येच एक-दोन प्रश्न विचारत होती. कोणत्या बाजूला? किती खोल? ओनीटाला आठवेल तेवढं तिने सांगितलं.

"ते झाड वीज पडून गेलं, नव्वदच्या आसपास," व्हेल्डा म्हणाली. "आईने तिथे कधी भाजी लावू दिली नाही. मी म्हणायचे, चांगली ओली जमीन फुकट घालवतेस. ती ऐकायची नाही."

ओनीटाने पत्रपेट्यांना आणखी एक वळसा घातला.

"मार्लिस म्हणाली, तुझ्या मुलीचं ऑपरेशन होतं. कशी आहे ती?" व्हेल्डाने विचारलं.

"चालायला लागली."

"बरं. मग तिला हे सांगणार आहेस की नाही?"

ओनीटा थांबली. खिडकीतून शॉना दिसत होती. वॉकर धरून ती उभी राहिली होती आणि आई इतका वेळ बाहेर का फिरतेय ते वाकून बघत होती.

"सांगते," ओनीटा म्हणाली, आणि फोन कानाला तसाच ठेवून घराकडे निघाली.